एडा लवलेस: १८४३ ची आकडेमोड आजही तपासता येते, मग आपली का नाही?

गेल्या वर्षी माझ्या प्रोजेक्टचा कोड माझ्या लॅपटॉपवर मस्त चालला, पण मित्राच्या लॅपटॉपवर आकडे वेगळेच आले. पायथनच्या एका लायब्ररीचं व्हर्जन वेगळं होतं आणि माझं कोणतं होतं, ते मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. खरं उत्तर कोणतं, हे मलाच सांगता येईना. तेव्हा मी एडा लवलेसबद्दल वाचलं.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती तान्ही असतानाच आईवडील वेगळे झाले. आईने तिला गणिताची गोडी लावली. १८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. पुढे त्यांनी पंच कार्डवर चालणारं 'ॲनालिटिकल इंजिन' आखलं. त्यावर मेनाब्रिया या इटालियन इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. एडाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि स्वतःच्या टिपा जोडल्या, मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट! १८४३ मध्ये हे सगळं छापून आलं.

शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढायचा तक्ता आहे. कोणती पायरी, कोणती क्रिया, कोणत्या आकड्यांवर, उत्तर कुठे ठेवायचं, सगळं ओळीने लिहिलेलं.

मशीन कधी पूर्ण झालंच नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी, कॅन्सरने एडा गेली. पण तक्ता राहिला. म्हणूनच नंतरच्या लोकांना चौथ्या पायरीतला बगही सापडला: छापलेला भागाकार उलटा आहे! पायऱ्या उघड होत्या, म्हणून चूक पकडता आली आणि दुरुस्तही करता आली. माझ्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच नव्हतं.

आज यासाठी टूल्स आहेत. गिट कोडमधल्या बदलांची तारखेसह नोंद ठेवतं. ज्युपिटर नोटबुकमध्ये कोड, स्पष्टीकरण आणि उत्तर एकाच जागी राहतं. डॉकर लायब्ररींच्या ठरलेल्या व्हर्जनसकट सगळा सेटअप एका डब्यात बांधून देतं. लॅपटॉप नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडूनही नोटबुक लिहिता येतं.

मी आता दोन गोष्टी न चुकता करतो: व्हर्जन लिहून ठेवतो, आणि कोड कुणाला देण्याआधी नोटबुक बंद करून पुन्हा वरपासून खालपर्यंत चालवतो. तुम्हीही आज एकदा करून बघा. उत्तर बदललं, तर चूक वेळेत सापडली म्हणायचं!