जाब विचारणारा सिनेटर

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील एका ओसाड माळावर वालुकाश्माचा एक खडक उभा आहे. एके काळी त्याचा आकार चहाच्या किटलीसारखा दिसे. म्हणून लोकांनी त्याला टीपॉट हे नाव दिले. त्याच्या आसपासच्या भूगर्भात तेलाचा मोठा साठा होता, त्याला टीपॉट डोम म्हणजे किटलीचा घुमट असे म्हणू लागले. या निर्जन माळावरच्या तेलापायी पुढे अमेरिकेच्या एका मंत्र्याला तुरुंगात जावे लागले. ते ज्यांच्या चिकाटीमुळे घडले त्या थॉमस वॉल्श यांची ही कथा आहे.

वॉल्श यांचा जन्म १२ जून १८५९ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स या गावी झाला. त्यांचे आईवडील आयर्लंडमधून येऊन तेथे स्थायिक झाले होते. घरची स्थिती बेताचीच. थॉमस यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि १८८४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. काही वर्षे डाकोटात वकिली केल्यावर १८९० मध्ये ते माँटाना राज्यातील हेलेना या शहरी गेले. पुढे तेच त्यांचे गाव झाले. कागदपत्र बारकाईने वाचणारे, कमी बोलणारे आणि क्वचितच हसणारे वकील अशी त्यांची ख्याती होती. १९१३ साली ते डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर झाले. सिनेट हे अमेरिकेच्या कायदेमंडळाचे वरिष्ठ सभागृह असून त्यात प्रत्येक राज्याचे दोन सभासद असतात.

वॉल्श हे काही तेलकंपन्यांचे वैरी नव्हते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवी. पश्चिमेकडील राज्यांतील खनिजांचा उपयोग व्हावा, सरकारी जमिनी उद्योगासाठी मक्त्याने दिल्या जाव्यात, असेच त्यांचे मत होते. १९२० साली यासंबंधी जो कायदा झाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. मक्ता द्यावा, पण तो उघडपणे द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या काळी युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालू लागल्या होत्या. युद्ध उद्भवले आणि तेल नसले, तर बलाढ्य आरमारही बंदरात अडकून पडेल. म्हणून अमेरिकेच्या सरकारने काही तेलसाठे आरमारासाठी राखून ठेवले. कॅलिफोर्नियातील एल्क हिल्सचा साठा १९१२ मध्ये आणि टीपॉट डोमचा साठा १९१५ मध्ये राखीव झाला. हे तेल जमिनीतच राहू द्यावयाचे, संकट आले तरच काढावयाचे, असा संकेत होता.

१९२१ साली वॉरेन हार्डिंग हे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी आपल्या मंत्रिमंडळात न्यू मेक्सिकोचे अल्बर्ट फॉल यांच्याकडे अंतर्गत खाते सोपविले. अमेरिकेत हे खाते सरकारी जमिनी व खनिजे यांचा कारभार पाहते. थोड्याच दिवसांत राखीव तेलसाठ्यांचा ताबा आरमाराच्या खात्याकडून फॉल यांच्याकडे आला. एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी टीपॉट डोमचा मक्ता हॅरी सिंक्लेअर या तेलव्यापाऱ्याच्या कंपनीस देऊन टाकला. निविदा मागविल्या नाहीत, की कोणास कळविलेही नाही. एल्क हिल्सचा मक्ता त्याच वर्षी एडवर्ड डोहेनी या दुसऱ्या धनाढ्य व्यापाऱ्याला मिळाला. त्यातून आपणास सुमारे १० कोटी डॉलरचा लाभ होईल, अशी त्याची अपेक्षा होती.

बातमी वृत्तपत्रांत फुटली. सिनेटर ला फॉलेट यांच्या सूचनेवरून सिनेटने चौकशीचा ठराव केला आणि चौकशीचे काम सार्वजनिक जमिनींच्या समितीकडे सोपविले. समितीत बहुमत सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे. वॉल्श अल्पमतातले, तरी हे जिकिरीचे काम अखेर त्यांच्याच गळ्यात पडले. फॉल यांनी कागदपत्रांचा प्रचंड ढीग समितीकडे पाठवून दिला. एवढे कागद वाचणार कोण, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. वॉल्श यांनी ते वाचले. जवळजवळ दीड वर्ष ते त्या कागदांत बुडून गेले होते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये साक्षी सुरू झाल्या. तोपर्यंत फॉल मंत्रिपद सोडून गेले होते आणि हार्डिंग यांचे निधन झाले होते. प्रारंभी काहीच हाती लागेना. भूगर्भशास्त्रज्ञांच्या साक्षी फॉल यांच्या बाजूने गेल्या. वॉल्श उगाच एका सज्जनाची बदनामी करीत आहेत, असे अनेक वृत्तपत्रे लिहू लागली. त्यांच्या गतायुष्यात काही वावगे सापडते काय, याचाही शोध झाला. वॉल्श यांनी उत्तर देत बसण्यात वेळ दवडला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस न्यू मेक्सिकोतील एका संपादकाची साक्ष झाली आणि चौकशीला वळण लागले. मंत्र्याचा वार्षिक पगार १२,००० डॉलर. फॉल यांच्या थ्री रिव्हर्स येथील कुरणाचा सरकारी कर दहा वर्षे थकला होता. १९२२ साली तो एकाएकी भरला गेला. शेजारची जमीन विकत घेण्यात आली, डागडुजी झाली, सिंक्लेअरकडून जातिवंत गुरे आली. आता वॉल्श यांच्यापुढे तेलाचा नव्हे, पैशाचा प्रश्न होता. हा पैसा आला कोठून, एवढेच ते प्रत्येकाला विचारू लागले.

आपण वृत्तपत्राचे मालक एडवर्ड मॅक्लीन यांच्याकडून एक लाख डॉलर उसने घेतले, असे फॉल यांनी समितीला लेखी कळविले. मॅक्लीन फ्लोरिडातील पाम बीच येथे होते. प्रकृतीच्या कारणास्तव आपण राजधानीत येऊ शकत नाही, असा त्यांचा निरोप आला. तेव्हा चौसष्ट वर्षांचे वॉल्श स्वतःच आगगाडीने पाम बीचला गेले. जानेवारी १९२४ मध्ये तेथे शपथेवर प्रश्न विचारताच मॅक्लीन यांनी कबूल केले, की आपण धनादेश दिले होते खरे; परंतु फॉल यांनी ते न वटविताच परत केले. फॉल त्या वेळी पाम बीचलाच होते. पैसा दुसरीकडून मिळाला हे त्यांनी पत्राने मान्य केले, पण कोणाकडून ते सांगण्याचे नाकारले.

थोड्याच दिवसांत डोहेनी समितीपुढे आला. फॉल आणि तो जुने मित्र. तरुणपणी दोघांनी एकत्र खाणी धुंडाळल्या होत्या. मित्राला अडचणीत मदत म्हणून आपण एक लाख डॉलर दिले, असे त्याने सांगितले. ते धनादेशाने नव्हे, तर रोख नोटांनी, एका काळ्या पिशवीत घालून, आपल्या मुलाच्या हस्ते पाठविले होते. कर्जाची चिठ्ठी म्हणून त्याने जो कागद दाखविला त्यावरील सहीचा भाग फाडलेला होता!

डोहेनी हा वॉल्श यांच्याच पक्षाचा मोठा देणगीदार होता. वॉल्श यांच्याप्रमाणेच तोही आयरिश वंशाचा. त्याच्या साक्षीत मॅकअडू यांचेही नाव निघाले. हे पूर्वीचे अर्थमंत्री. त्या वर्षीच्या निवडणुकीत वॉल्श यांचा त्यांनाच पाठिंबा होता. त्यांनी डोहेनीचे वकील म्हणून भरघोस शुल्क घेतल्याचे उघड झाले. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. तरी त्यांची उमेदवारी त्या धक्क्यातून सावरली नाही. सत्ताधारी पक्षासाठी विणलेल्या जाळ्यात स्वपक्षाचा नेता सापडला, की चौकशी मंदावण्याचा मोह होतो. वॉल्श यांनी चौकशी मंदावू दिली नाही.

सिनेटने मक्ते रद्द करण्यासाठी न्यायालयात जाण्याचा ठराव केला. त्यासाठी दोन्ही पक्षांतून एकेक खास वकील नेमण्यात आला. आरमारमंत्री डेन्बी यांनी राजीनामा दिला. सिंक्लेअरने मात्र वॉल्श यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याचेच नाकारले. प्रकरण न्यायालयात आहे, सिनेटला विचारण्याचा अधिकार नाही, असा त्याचा पवित्रा होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२९ साली निकाल सिनेटच्या बाजूने लागला आणि त्या कोट्यधीशाला उत्तर न दिल्याबद्दल तुरुंगात जावे लागले. दोन्ही मक्ते सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच रद्द केले होते.

तरीही वॉल्श यांचे काम संपले नव्हते. सरकारी रोख्यांवर क्रमांक असतात. त्या क्रमांकांवरून पैशाचा माग काढता येतो. १९२८ मध्ये त्या मागाने ते एका नामधारी कंपनीपर्यंत पोहोचले. काही तेलव्यापाऱ्यांनी ही कंपनी कॅनडात काढली होती. एका विक्रेत्याकडून दीड डॉलरला पिंप या भावाने तेल घ्यावयाचे, ते आपणच चालवीत असलेल्या कंपन्यांना पावणेदोन डॉलरला विकावयाचे आणि मधला नफा रोख्यांत दडवावयाचा, अशी ती युक्ती होती. म्हणजे आपल्याच भागधारकांना लुबाडणे झाले! त्यांतील दोन लाखांहून अधिक डॉलरचे रोखे फॉल यांच्याकडे पोहोचले होते, तर काही सत्ताधारी पक्षाचे कर्ज फेडण्याच्या कामी आले होते.

१९२९ मध्ये फॉल लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले. त्यांना एक वर्षाची कैद आणि एक लाख डॉलर दंड अशी शिक्षा झाली. मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात गेलेले ते अमेरिकेचे पहिले मंत्री होत. पुढच्याच वर्षी डोहेनी तीच लाच देण्याच्या आरोपातून निर्दोष सुटला! एकच पिशवी घेणाऱ्याच्या हातात लाच होती आणि देणाऱ्याच्या हातात नव्हती, असा हा विचित्र न्याय झाला.

१९३३ साली नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वॉल्श यांची महान्यायवादी म्हणून निवड केली. देशाचे सारे सरकारी खटले आता त्यांच्या हाती येणार होते. फेब्रुवारीच्या अखेरीस हवाना येथे त्यांनी दुसरा विवाह केला आणि शपथविधीसाठी ते पत्नीसह आगगाडीने राजधानीकडे निघाले. २ मार्चच्या सकाळी, गाडी नॉर्थ कॅरोलायना राज्यातून जात असताना, त्यांचे देहावसान झाले. शपथविधीला दोनच दिवस उरले होते. हेलेना येथे त्यांचे दफन करण्यात आले.