गोळ्यांची माळ

आजच्या बेल्जियममधील ब्रूज नगरात १५४८ साली सायमन स्टेव्हिनचा जन्म झाला. पुढे तो हॉलंडमधील लायडन येथे राहू लागला व गणितात रमला.

उतरणीवरील ओझे किती जोराने खाली ओढले जाते, हे कोडे त्याने मनाशी धरले. त्याने एक गुळगुळीत त्रिकोणी ठोकळा कल्पिला. त्याची एक उतरण दुसरीच्या दुप्पट लांब होती. त्याभोवती त्याने चौदा सारख्या गोळ्यांची माळ कल्पनेनेच घातली. लांब उतरणीवर चार गोळे, आखूड उतरणीवर दोन आणि खाली लोंबणारे आठ! माळ आपोआप सरकली, तरी तिची ठेवण तीच राहणार; मग ती अखंड फिरतच राहील. हे तर अशक्य! तेव्हा माळ स्थिरच असली पाहिजे. लोंबणारे गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात. ते काढून टाकले, तरी वरच्या चार व दोन गोळ्यांचा तोल ढळत नाही. उंची तीच असता उतरण जितकी लांब, तितकी ओढ कमी, हे असे सिद्ध झाले.

याच विचाराने, तिरप्या दोऱ्यांना टांगलेल्या वजनाचा भार प्रत्येक दोरीवर किती पडतो, हेही त्याने दाखविले. एका बलाचे दोन दिशांना घटक पाडण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

हे सारे त्याने १५८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर आपल्या मातृभाषेत, डचमध्ये. शास्त्र सामान्य कारागिरालाही कळावे, ही त्याची तळमळ होती. १६२० साली तो निवर्तला. आजही पुलावरील भार मोजताना अभियंते बलांचे घटकच पाडतात.