स्टेट काँग्रेसचे स्वामीजी

आपल्या जालना जिल्ह्यातील परतूर या गावी १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यात राजकीय सभेलाही परवानगी लागे. म्हणून भाषावार परिषदांच्या आडोशानेच लोकजागृती करावी लागत होती. या परिषदेच्या चिटणीसपदाची जबाबदारी पुढे लवकरच एका संन्यासी शिक्षकाकडे आली. ते स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम करून ते १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. त्यांनी संन्यास घेतला. पण मठात न बसता पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुले शिकवली.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, पहिली तुकडी नानलांची, आणि पाठोपाठ स्वामीजीही तुरुंगात गेले. बंदी उठली ती १९४६ मध्ये. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुर्गुल रामकृष्णराव प्रतिस्पर्धी होते. थोड्याच मतांनी स्वामीजी निवडून आले. जहाल आणि मवाळ हा भेद तेव्हापासून उघड झाला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकावताच त्यांना अटक झाली. ते आत असताना दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सरहद्दीवरून लढा चालविला. त्याच धामधुमीत बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हाती बंदूक घेऊन रझाकारांशी झुंजल्या. तो काळ असा होता की पुढारी कोण याची वाट न पाहता माणसे उभी राहत. बायकाही त्यात मागे नव्हत्या.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, स्वामीजी सुटले, आणि मग दुःखाचा भाग सुरू झाला. स्टेट काँग्रेसमध्ये दोन तट पडले. तुरुंगात खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनात. कार्यकर्ते घडविण्यात स्वामीजींचा हातखंडा होता. सत्ता आल्यावरचे गट सांभाळणे मात्र त्यांना साधले नाही, असे म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. १९५२ साली मुख्यमंत्री झाले बुर्गुल. स्वामीजी लोकसभेत गेले, प्रथम गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून. मंत्रिपदाची खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही.

त्यांचे सर्वांत अवघड काम याच काळातले. ज्या राज्याच्या काँग्रेसचे त्यांनी नेतृत्व केले, ते राज्यच भाषावार विभागले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. आपण उभारलेल्या संघटनेचाही त्यात शेवट होता, हे त्यांना ठाऊक नसेल कसे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेला, कानडी मुलूख म्हैसुरात.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी निवर्तले. त्यांची समाधी हैदराबादला बेगमपेठेत आहे.