गव्हाचा तांबेरा आणि डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर



गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘एमएसीएस ६२२२’ किंवा ‘एमएसीएस ६४७८’ असे नाव तुम्ही वाचले असेल. ही अक्षरे पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या इंग्रजी नावाची आहेत. ती उभी करणाऱ्या डॉ. आघारकरांची ओळख आज करून घेऊ.

आघारकरांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत झाले. सह्याद्रीत भटकताना साताऱ्याकडील नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. पुढे ते कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१४ मध्ये अभ्यासासाठी जर्मनीला गेले, तोच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे अडकून पडावे लागले. तरीही वायव्य भारतातील कोरडवाहू प्रदेशांतील वनस्पतींवर प्रबंध लिहून बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. १९४६ मध्ये, आराम करण्याच्या वयात, त्यांनी पुण्यात ही संस्था सुरू केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिची धुरा वाहिली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

संस्था कशासाठी लागते?

तांबेरा प्रतिकारक गहू आघारकरांनी स्वतः तयार केला, असे नाही. तो एकदाच तयार करून भागतही नाही. कारण समजून घ्या.

तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते. प्रतिकारक वाण तिची चाहूल लागताच आजूबाजूच्या आपल्याच काही पेशी मारून टाकतो. बुरशीची उपासमार होते आणि रोग तेथेच थांबतो. पण बुरशी कोट्यवधी बीजाणू तयार करते. त्यांतील एखाद्यात असा बदल होतो की गव्हाला ती ओळखूच येत नाही. सगळीकडे एकच वाण असेल, तर हीच नवी जात झपाट्याने पसरते.

राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे जनुक जगभर वापरले गेले. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या खोडावरील तांबेऱ्याच्या जातीने तेही निष्प्रभ केले. शिवाय मैदानात उन्हाळ्यात मरणारा तांबेरा थंड डोंगराळ भागातून वाऱ्याबरोबर पुन्हा येतो, हे आग्र्याच्या डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवले होते.

म्हणजे वाण थकतो, बुरशी थकत नाही. वाणामागून वाण देत राहणारी संस्थाच तिला पुरी पडते. आघारकरांनी आपल्याला दिले ते हे.

तुम्ही काय कराल?

- एकच जुना वाण वर्षानुवर्षे पेरू नका. आपल्या विभागासाठी शिफारस केलेला नवा प्रतिकारक वाण निवडा.
- शक्य असल्यास दोन वाण वेगवेगळ्या तुकड्यांत पेरा.
- उशिरा पेरणी आणि नत्राचा जादा डोस टाळा.
- पानांवर व खोडांवर बोट फिरवून पाहा. नारिंगी किंवा विटकरी भुकटी लागल्यास नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.
- प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर तांबेरा दिसला तर अवश्य कळवा. नव्या जातीची पहिली खबर कदाचित तुमच्याच वावरातून मिळेल.