रेव्हरंड नारायण वामन टिळक : संसार आणि सेवा

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें यावीं हें उचितच आहे, व तीं इतर पानांत वाचकांस आढळतीलच. परंतु त्यांच्या पंक्तीस एका अशा पुरुषास बसविण्याचें आम्हीं योजिलें आहे, कीं जो आपल्या कॅथलिक मंडळीचा सभासद नव्हता आणि तरीही ज्याच्या शब्दांवांचून आपली मराठी उपासना सुनी सुनी वाटेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ते पुरुष होत. त्यांचीं भजनें आमचें गायकमंडळ भक्तिभावानें गातें. पण गाणाऱ्यांपैकीं कितीकांस कर्त्याचें नांवही ठाऊक नसतें. भजन तोंडपाठ आणि भजनकार अनोळखी, ही स्थिति आम्हांस बरी वाटत नाहीं. त्यांच्या काव्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून आम्ही त्यांच्या घराविषयीं लिहितों. ह्या भक्ताच्या श्रद्धेची खरी कसोटी लागली ती त्याच्या चुलीपाशीं.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असत व स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई हळवी व भाविक होती, आणि मुलाचा ओढा सर्वस्वीं तिच्याकडे. ती त्यांच्या बालपणींच वारली. मायेचा तो आधार तुटतांच पोर घर सोडून नाशिकास आलें. तेथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, इंग्रजी शाळेंतही कांहीं दिवस काढिले. त्यानंतर पायांस जी भिंगरी लागली ती जन्मभर सुटली नाहीं. आज ह्या गांवीं शिक्षक, उद्यां त्या गांवीं संपादक, परवां कोठें हातीं चिपळ्या घेऊन कीर्तनास उभे!

नाशिकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें, तेव्हां वधूचें वय अवघें अकरा वर्षांचें होतें. ह्याच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. त्यांच्या माहेरीं सोंवळ्याओंवळ्याची पराकाष्ठा असे; त्या वातावरणांत वाढलेली ही मुलगी आणि न सांगतां घरांतून निघून जाणारा हा कवि, अशी ती जोडी होती. नवऱ्यानें बायकोस अक्षरओळख करून दिली, पण शिकवितांना त्याचा संताप अनावर होई. पैसा हातीं टिकत नसे. संसार कधीं सासरच्या, कधीं माहेरच्या माणसांच्या आश्रयानें चाले. आम्ही हें झांकून ठेवीत नाहीं, कारण लक्ष्मीबाईंनींच आपल्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत तें हंसत हंसत सांगून टाकिलें आहे.

नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयानें टिळकांनीं संस्कृत ग्रंथांचें काम केलें व ‘ऋषि’ नांवाचें मासिक चालविलें. जातिभेद व मूर्तिपूजा ह्यांविषयीं त्यांच्या मनांत शंकांचें काहूर उठलें होतें. आपणच एखादा नवा पंथ स्थापावा असेंही त्यांस वाटूं लागलें होतें. अशा मनःस्थितींत १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपीय गृहस्थाची गांठ पडली. गोष्ट संस्कृत काव्यावरून निघाली आणि धर्मावर आली. उतरतांना त्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत ठेविली व ती वाचण्याची विनंति केली. त्या प्रवाशाचें नांव टिळकांस पुढें कधींही कळलें नाहीं. दिलेल्या शब्दाखातर त्यांनीं वाचावयास आरंभ केला आणि प्रभु येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन ते थबकले. तेथून परत फिरणें त्यांस शक्य झालें नाहीं.

तथापि दोन वर्षें ते तळमळत होते. ख्रिस्ती होणें म्हणजे बायको, मुलगा, आप्त, समाज ह्या सर्वांस मुकणें, हें त्यांस स्पष्ट दिसत होतें. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या देवळांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळीं नातलगांत होत्या, जवळ चारएक वर्षांचा दत्तू. बातमी कानीं येतांच त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून घरच्यांनीं शोक मांडला. पुढें त्या पंढरपुरास राहिल्या. ना सौभाग्यवती, ना विधवा, अशी त्यांची दशा झाली. त्या एकांतांत त्यांनीं आपलें दुःख ओव्यापदांत गुंफण्यास आरंभ केला, आणि नवऱ्याची विद्या अशा रीतीनें न कळत त्यांच्या हातीं आली.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबवितों. त्या काळीं १८६६ चा एक कायदा असा होता, कीं धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार जर त्याच्याजवळ नांदण्यास येईना, तर त्यास कोर्टांतून विवाहबंधन तोडून घेतां येत असे. टिळक तेव्हां तेहतीस वर्षांचे होते, विद्वान् होते, नव्या समाजांत त्यांचा मान होता. परंतु त्या कायद्याच्या वाटेस ते गेले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, अपमान गिळून भेटीस जात राहिले. चारपांच वर्षें हा क्रम चालला. आमच्या धर्मग्रामांतही अशीं घरें आहेत, जेथें रविवारीं एक मनुष्य मिस्सेस येतो आणि दुसरें घरींच राहतें. तेथील माणसांस ह्या चारपांच वर्षांची लांबी आम्हीं सांगावयास नको.

पुढें लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन अहमदनगरास (म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास) पतीकडे आल्या. पण त्या आल्या त्या आपलें सोंवळें बरोबर घेऊन! त्यांचा स्वयंपाक निराळा, त्यांचें पाणी निराळें. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरांत ब्राह्मणी चूल पेटली, हें पाहून लोक काय म्हणतील ह्याची टिळकांनीं पर्वा केली नाहीं. उलट तिची सोय त्यांनीं स्वतः लावून दिली. तुम्ही आमचा धर्म घ्या, असें त्यांनीं पत्नीस टोंचिलें नाहीं. तापट मनुष्याच्या अंगीं हा धीर कोठून आला, ह्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. स्वतःस जें प्रकाशाप्रमाणें उजळ दिसतें, तें आपल्याच माणसास दिसत नाहीं, हें सोसणें उपदेशकास सर्वांत जड जातें. लक्ष्मीबाईंनीं हळूहळू, स्वतःशींच वाद घालीत, जातीचीं बंधनें एक एक करून गळूं दिलीं. देवानें माणसें निर्मिलीं, जाती निर्मिल्या नाहींत, असा निर्णय त्यांचा त्यांनींच केला, आणि १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

तीं वर्षें दुष्काळाचीं व प्लेगचीं होतीं. टिळकांच्या घराचें दार मग कधीं लागलेंच नाहीं. दुष्काळानें पोरकीं झालेलीं मुलें त्या घरांत वाढलीं. एकेकाळीं दुसऱ्याच्या सांवलीचा विटाळ मानणाऱ्या लक्ष्मीबाई प्लेग झालेल्या मुलींची शुश्रूषा करण्यास त्यांच्याबरोबर रुग्णांच्या छावणींत जाऊन राहिल्या. टिळक अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत; १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. परंतु त्यांचा पगार घरीं पोहोंचण्यापूर्वींच वाटेंत कोणा गरजूच्या हातीं पडे, आणि मग घरच्या माणसांच्या पानांत काय वाढावें ही विवंचना लक्ष्मीबाईंची असे. परोपकार पतीनें करावा आणि त्याचा भार पत्नीनें वाहावा, हें आम्हांस सर्वस्वीं प्रशंसनीय वाटत नाहीं. सेवेचे धडे देणाऱ्यांच्या घरीं जी न दिसणारी सेवा चालते, तिची नोंद क्वचितच कोणी ठेवितो. येथें ती ठेविली गेली, कारण गृहिणीच्या हातीं लेखणी होती.

ह्याच घरीं त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, पोटच्या मुलासारखे राहिले. त्यांनीं आपला हिंदु धर्म सोडिला नाहीं व कोणीं सोडावयास सांगितलें नाहीं. हा कोवळा कवि १९१८ सालीं आगगाडीखालीं सांपडून गेला.

टिळकांच्या भजनांविषयीं आम्ही थोडकेंच सांगतों. त्यांच्यापूर्वीं मराठी प्रॉटेस्टंट देवळांत बहुधा भाषांतरित गीतें परक्या चालींवर गात असत. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या ह्या मनुष्यास तें रुचेना. त्यांनीं अभंग, ओवी, भजन व कीर्तन हीं साधनें प्रभूच्या सेवेस लाविलीं, आणि शंभराहून अधिक गीतें मागें ठेविलीं. ह्या ठिकाणीं आम्हां कॅथलिकांस एक अभिमानाची आठवण होते. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं तीनशें वर्षांपूर्वीं गोमंतकांत हाच मार्ग चोखाळिला होता; त्यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें. स्टीफन्स १६१९ सालीं गेले, टिळक १९१९ सालीं. एक इंग्लंडांत जन्मून मराठींत रमला, दुसरा मराठी मातींतच उगवला. परंतु ह्या लोकांशीं देवाविषयीं बोलावयाचें तर त्यांच्याच ओवींत बोलावें, हें दोघांसही उमगलें होतें.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. परंतु मिशनचा पगार घेऊन प्रभूचें नांव सांगणें त्यांच्या मनास खुपूं लागलें. १९१७ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडिली व संन्याशाच्या वृत्तीनें साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ नांवाचें बंधुमंडळ आरंभिलें. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्हीं प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होतें. हें मत आपल्या मंडळीच्या शिकवणुकीस धरून नाहीं. स्नानसंस्कार हें कृपेचें द्वार आहे, तें ओलांडल्यावांचून घरांत आलों असें आपणांस म्हणतां येत नाहीं. परंतु ज्याच्या स्वतःच्या घरांत पत्नी पुष्कळ दिवस त्या उंबरठ्याबाहेर उभी होती, आणि ज्यानें तिला कधीं परकी मानिलें नाहीं, त्याच्या मनांत ही कल्पना कां उपजली असेल, तें आम्हांस समजूं शकतें.

दरबाराचें काम फार दिवस चालावयाचें नव्हतें. प्रकृति ढांसळली, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांनीं देह ठेविला. प्रभूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ नांवाचें महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें होतें, तें आरंभींच्या अध्यायांपाशींच अपुरें राहिलें.

तें काम लक्ष्मीबाईंनीं उचलिलें. पंढरपुरास ज्या हातांनीं त्यांनीं ख्रिस्ती नवऱ्याच्या नांवें अश्रु पुसले होते, त्याच हातांनीं म्हातारपणीं त्यांनीं त्याच्या काव्यास आणखी ६४ अध्याय जोडिले. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याही गेल्या.