पार्वतीबाई आठवले यांचें प्रौढपणींचें विद्यार्जन

वय वाढलें कीं विद्येचें दार लागलें, अशी समजूत पुष्कळांच्या मनांत असते. अशांनीं पार्वतीबाई आठवले यांच्या चरित्राकडे लक्ष द्यावें.

त्यांचा जन्म सन १८७० मध्यें कोंकणांत देवरुख येथें झाला. बालपणीं शाळा लाभली नाहीं. अकराव्या वर्षीं लग्न झालें, विसाव्या वर्षीं वैधव्य आलें व पदरीं एक मुलगा राहिला. विधवेनें केशवपन करून घ्यावें व घरांत राबत दिवस कंठावे, हीच त्या काळची रीत होती. परंतु त्यांची बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकली होती, आणि १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला होता. तिचें उदाहरण पार्वतीबाईंच्या डोळ्यांपुढें होतें. मुलाला शिकवावयाचें तर आपण स्वतःच्या पायांवर उभें राहिलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें, आणि पंचविशी उलटल्यावर पुण्यास येऊन त्या शिकूं लागल्या.

लहान मुलीनें चुकावें, त्यांत नवल नाहीं. पण एका मुलाच्या आईला अक्षरें अडखळत वाचावयाची म्हणजे केवढा संकोच! तो त्यांनीं गिळला. पुढें कर्व्यांच्या विधवाश्रमाच्या सेवेंत त्या शिरल्या व त्यासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. हें काम करितांना इंग्रजीची उणीव त्यांस बोंचूं लागली. पण कामाच्या रगाड्यांत शिकण्यास सवड कोठून मिळणार? अखेर १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करून त्यांनीं पोट भरलें व ती भाषा शिकल्या. १९२८ सालीं त्यांचें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें; त्याचें इंग्रजी भाषांतर रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनीं केलें. पार्वतीबाई १९५५ सालीं निवर्तल्या.

वाचकहो, ह्या बाई दोनदां विद्यार्थिनी झाल्या. एकदां मुलासाठीं, एकदां संस्थेसाठीं. शिकलेलें उद्यां कोणाच्या तरी उपयोगीं पडणार, असें दिसलें म्हणजे मोठ्या माणसाचें मन अभ्यासाकडे वळतें. त्याला अडवितात ती लाज व सवडीचा अभाव. बुद्धीचा मंदपणा क्वचितच. म्हणून आपल्या घरांतील कोणी थोर माणूस पाटी हातीं घेईल, तर त्याला हंसूं नये. त्याच्या वांट्याचें थोडें काम आपण उचलावें. एवढ्या साह्यानेंही लागलेलें दार उघडूं शकतें, असें आम्हांस वाटतें.