डिझेल नावाचा माणूस

रोज सकाळी पंपावर रांगेत उभी राहिलेली शेकडो माणसे एका माणसाचे नाव घेतात, आणि आपण कुणाचे नाव घेत आहोत हे त्यांच्या गावीही नसते. टेम्पोच्या टाकीच्या झाकणावर ते नाव रंगवलेले असते. ट्रकवाला, एसटीचा ड्रायव्हर, ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी, सगळे ते उच्चारतात. वॅट, अँपिअर ही संशोधकांची नावे पाठ्यपुस्तकात आणि विजेच्या बिलात राहिली. रुडॉल्फ डिझेल याचे नाव मात्र लिटरच्या मापाने विकले जाऊ लागले.

पुण्या-नाशकाकडे सोसायट्यांची, बंगल्यांची आणि लग्नाच्या लॉन्सची हिरवळ राखून देणारे छोटे व्यावसायिक आता ठिकठिकाणी दिसतात. दोन माळी, गवत कापायची यंत्रे, पाइपची वेटोळी, खताची पोती आणि संध्याकाळी परतताना कापलेल्या गवताचा ढीग, एवढे सामान वाहायचे तर गाडी लागतेच. मग प्रश्न पडतो की गाडी काढावी ती कोणती? पेट्रोलची, डिझेलची, सीएनजीची की बॅटरीवरची? आणि पहिला सवाल ठरलेला असतो : अ‍ॅव्हरेज किती देते?

हा प्रश्न आजचा वाटतो खरा. पण थोड्या भांडवलावर धंदा करणाऱ्याला कमी खाणारे इंजिन कसे मिळेल, या ध्यासाने सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने आपले आयुष्य वेचले. त्याची कहाणी गाडी काढण्यापूर्वी ऐकावी अशी आहे, कारण तिच्यात इंजिनाचा हिशेब आहे आणि घराचाही.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर मूळचे आउग्सबुर्गचे, पुस्तकबांधणीचे काम शिकलेले. पॅरिसला येऊन ते चामड्याच्या वस्तू बनवू लागले. धंदा हातावरचा, मिळकत बेताची. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. छोट्या कारागिराचे घर कसे चालते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. फुरसतीच्या वेळी तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाई आणि जुनी यंत्रे तासन् तास पाहत उभा राही.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. जर्मनांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, तिथेही हलाखी. अखेर बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून मुलगा शिकला आणि आपण इंजिनिअरच होणार हे त्याने त्या कोवळ्या वयात ठरवून टाकले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. बर्फ बनवणाऱ्या यंत्रांचे जनक म्हणून लिंडे यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्याच व्याख्यानात रुडॉल्फने ऐकले की, वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामी लावते. बाकीची सारी वाया जाते. शंभर रुपयांतले नव्वद खिशातून गळून जावेत तसा हा प्रकार. ही गळती विद्यार्थ्याच्या मनाला लागून राहिली. १८७९ मध्ये विषमज्वराने त्याची परीक्षा हुकली, पण १८८० च्या जानेवारीत तो उत्तम गुणांनी पदवीधर झाला.

नोकरी लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्यात, पुन्हा पॅरिसला. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न झाले, तीन मुले झाली. दिवसा बर्फ आणि रात्री इंजिन, असा दहा वर्षांचा संसार होता. प्रथम त्याने वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहिला. ते जमले नाही. मग हवा.

सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. डिझेलची कल्पना या साध्या गोष्टीवर उभी होती. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबतात आणि ठिणगीने पेटवतात. ते फार दाबले, तर वेळेआधीच भडकते. डिझेलने ठरवले की आधी नुसती हवाच दाबायची, इतकी की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल. मग तिच्यात तेल सोडायचे. ते आपोआप पेट घेईल, ठिणगीची गरजच नाही. दाब जितका जास्त, तितका पेटलेल्या वायूला पसरायला वाव जास्त आणि तितके काम जास्त निघते. डिझेल गाडी कमी खाते याचे मूळ इथे आहे.

या कल्पनेचे पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळाले. त्याच साली त्याने या विषयावर एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. छोट्या कारखानदाराला, विणकराला, सुताराला स्वतःच्या घरी ठेवता येईल असे काटकसरी इंजिन मिळाले, तर तो मोठ्या गिरण्यांपुढे टिकाव धरू शकेल, ही त्याची श्रद्धा होती. वाफेची यंत्रे फक्त धनवानांना परवडत होती. त्याला ती मक्तेदारी मोडायची होती.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने जागा दिली, क्रुप कंपनीने पैसे दिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. तेल पेटले, पण स्फोट असा झाला की दाब मोजायच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. गंमत अशी की, डिझेलला यात अपयश दिसले नाही. तेल आपोआप पेटते एवढे तर सिद्ध झाले होते! फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट फिरले. आणि १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्रोएटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग या इंजिनाने कामी लावला. डिझेलने कागदावर धरलेली अपेक्षा याहून कितीतरी मोठी होती. तरीही वाफेच्या इंजिनाच्या मानाने हा चमत्कारच होता.

चमत्काराला गिऱ्हाइके धावून आली. अमेरिकेतील बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी इंजिनाच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. हातगाडी ढकलणारा मुलगा चाळिशीत लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधला.

पण ज्याच्यासाठी हे सारे आरंभले होते, तो छोटा कारागीर कुठे होता? तो तिथे नव्हताच. डिझेलचे इंजिन माणसाच्या उंचीहून मोठे आणि वजनाला काही टन होते. तेल आत फवारण्यासाठी जोरदार दाबाची हवा लागे आणि ती तयार करायला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. त्यामुळे इंजिन अवजड आणि महाग झाले. तेल कमी खाणारे हे यंत्र विकत घेण्याची ऐपत फक्त मोठ्यांचीच होती. ते कारखान्यांत आणि वीजघरांत गेले, पुढे जहाजांत गेले, पाणबुड्यांतही गेले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे डिझेलवर चालणारे मोठे जहाज समुद्रपार निघाले, तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. सुताराच्या घरात मात्र इंजिन पोहोचले नव्हते.

डिझेलने हे दुःख मनात कुठे तरी बाळगले असावे. १९०३ मध्ये त्याने एक वेगळेच पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडे थोडे पैसे सामाईक निधीत टाकावेत, त्या निधीच्या तारणावर भांडवल उभारावे आणि कारखाने स्वतःच्या मालकीचे करावेत, अशी त्यातली योजना होती. सहकाराच्या मुशीतून घडलेल्या महाराष्ट्राला ही भाषा ओळखीची वाटेल. १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांनी उभारलेला साखर कारखाना याच जातकुळीच्या विचाराचे फळ होते. डिझेलच्या पुस्तकाला मात्र वाचक मिळाले नाहीत.

इकडे त्याच्या घरचे गणित चुकत होते. सुरुवातीची इंजिने अनेक ठिकाणी बिघडली, तक्रारी आल्या, आउग्सबुर्गमध्ये काढलेला नवा कारखाना चालला नाही. पेटंटचे वाद निघाले. प्रकृती इतकी ढासळली की त्याला काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. हाती आलेला पैसा त्याने जमिनीत आणि तेलविहिरींच्या व्यवहारात गुंतवला, तो बुडाला. उष्णतेतला एकेक टक्का वाचवण्यासाठी झटणारा हा माणूस स्वतःच्या मिळकतीची गळती थांबवू शकला नाही. बंगल्याचा थाट तोच राहिला, आतून तिजोरी रिकामी होत गेली आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. बरोबर दोन परिचित होते. जेवण झाले, डेकवर फेरफटका झाला, दहाच्या सुमारास सारे आपापल्या खोल्यांत गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असा निरोप त्याने देऊन ठेवला होता. सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण न मोडलेले, रात्रीचे कपडे जसेच्या तसे ठेवलेले. डेकवर त्याची टोपी आणि कोट सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने, ऑयगेनने ओळखल्या. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीकडे एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभर उघडू नकोस असे बजावले होते. मार्थाने ती उघडली, तेव्हा आत वीस हजार मार्क रोख होते आणि बँकेतली खाती रिकामी झाल्याचे दाखवणारे कागद होते. घातपाताच्या कहाण्या पुष्कळ रचल्या गेल्या. ते कागद मात्र वेगळेच काही सुचवतात.

डिझेल गेला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. त्याच्या इच्छेला मात्र पुढे पाय फुटले. १९२० च्या दशकात त्याचे इंजिन ट्रकवर चढले, आणि १९२७ पासून बॉश कंपनीचे तेल फवारणारे पंप मिळू लागले. कॉम्प्रेसरचे ओझे गेले, इंजिन लहान झाले. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने ते खेड्यापाड्यांत नेले. विहिरीवरची मोट सुटली आणि इंजिनाचा आवाज शिवारात घुमू लागला. पिठाच्या गिरण्या त्यावर चालल्या. पॅरिसच्या पोराने पाहिलेले स्वप्न मराठी मुलखातल्या विहिरीवर खरे झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. टेम्पो हा शब्दही जर्मनीतल्या एका कंपनीच्या नावावरून आला आणि आपला होऊन गेला. २००५ मध्ये छोटा हत्ती आला, त्यातही डिझेलच होते.

आता त्या हिरवळवाल्याकडे वळू. बँकेत असताना वाहनकर्जाचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. अर्जदाराला अ‍ॅव्हरेज तोंडपाठ असे. पण महिन्याला गाडी किती धावणार, हे विचारले की तो थबके. खरा हिशेब तिथेच असतो. समजा, गाडी दिवसाला ४० किलोमीटर फिरते आणि महिन्यात २५ दिवस काम आहे. म्हणजे हजार किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी सुमारे ६७ लिटर पिईल, २० देणारी ५० लिटर. वाचले १७ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर दीड हजार रुपये. दुसऱ्या गाडीसाठी लाखभर रुपये जास्त मोजले असतील, तर ते फिटायला साडेपाच वर्षांच्या आसपास लागतील, व्याज वेगळेच. तीच गाडी दिवसाला १०० किलोमीटर धावली, तर दोन-सव्वादोन वर्षांत वसुली. गाड्या त्याच आहेत, फरक धंद्यात आहे.

शिवाय डिझेलची कीर्ती आता पूर्वीसारखी निर्मळ राहिलेली नाही. त्याचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे कडक नियम आले. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती साफ व्हायला गाडी काही काळ सलग, वेगात पळावी लागते. चार सोसायट्यांमध्ये थांबत थांबत जाणाऱ्या गाडीला ते जमत नाही. जवळच्या ठरावीक फेऱ्या आणि रात्री घरी मुक्काम असेल, तर बॅटरीची किंवा सीएनजीची गाडी आधी तपासावी. लांबच्या फार्महाउसची कंत्राटे असतील आणि ओल्या गवताचे वजन रोज वाहायचे असेल, तर डिझेलचा विचार करावा. किमतीत हप्ता धरावा, दुरुस्ती धरावी, गाडी बंद पडून बुडालेला दिवसही धरावा.

डिझेलचे इंजिन काटकसरी होते, पण ते घेणे ज्याला परवडावे त्यालाच परवडले नाही. त्याच्या हयातीत अपुरी राहिलेली बाजू ही होती. ती आज आपल्या हातात आहे. हिरवळ राखणाऱ्या त्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन असा पूर्ण हिशेब मांडला आणि शेवटी बॅटरीची गाडी काढली, तर तिच्यावर डिझेल हा शब्द कुठेच रंगवलेला नसेल. पण आपले दोन माळी आणि आपला धंदा मोठ्यांच्या गर्दीत टिकवून धरण्याइतपत ती त्याला परवडली, तर हातगाडी ढकलणाऱ्या त्या मुलाला जे हवे होते ते याहून वेगळे नव्हते.